घर, भाट आणि मर्जीचा अर्धा : वारशाबद्दल वाचकांचे प्रश्न

वारसा आणि वाटणी या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत गोंधळ एकच आहे. टीव्हीवर किंवा मोबाईलवर हिंदू वारसा कायद्याची माहिती ऐकायची आणि ती आपल्या घराला लावायची. ती इथे लागू होत नाही. गोव्यात धर्म कोणताही असो, पाया १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा आहे. ती इथे १ जुलै १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने चालू राहिली. वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे. त्यावर वर्ष २०१२ असलं तरी तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. खालची उत्तरं त्याच चौकटीत वाचावीत. काही पत्रं लांब होती, ती छोटी करून घेतली आहेत.

आम्ही नवरा-बायको निवृत्त शिक्षक. तीन मुलं. थोरली दोघं नोकरीनिमित्त बाहेर, धाकटा आमच्याजवळ राहतो आणि आमचं सगळं तोच बघतो. घर, थोडी बागायत आणि ठेवी मिळून साधारण १ कोटी २० लाख होतील. सगळं धाकट्याच्या नावे मृत्युपत्र केलं तर चालेल का? — एक वाचक, फोंडा

सगळं देता येणार नाही, पण तुम्हाला वाटतं त्याहून बरंच जास्त देता येईल.

लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर गोव्यातल्या जोडप्याची मालमत्ता समाईक असते. दस्तावर एकट्या तुमचं नाव असलं तरी निम्मी मालकी पत्नीची. म्हणजे १ कोटी २० लाखांतले ६० लाख तुमचे नाहीतच, त्यांचं मृत्युपत्र तुम्ही करू शकत नाही. उरलेल्या ६० लाखांचे पुन्हा दोन भाग. एक अर्धा मुलांसाठी राखीव, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. दुसरा अर्धा तुमच्या मर्जीचा, तो कोणालाही द्या : मुलाला, सुनेला, पत्नीला, देवस्थानाला.

हिशोब असा. राखीव ३० लाख तीन मुलांत, प्रत्येकी १० लाख. मर्जीचे ३० लाख धाकट्याला दिले तर त्याचे झाले ४० लाख. आता पत्नीनेही तिच्या ६० लाखांचं असंच मृत्युपत्र केलं तर तिच्याकडूनही ४० लाख. दोघांचं मिळून धाकट्याकडे ८० लाख, थोरल्या दोघांकडे प्रत्येकी २० लाख. घराची किंमत ८० लाखांच्या आत असेल तर घर धाकट्याला राहतं आणि बाहेरच्या दोघांचा कायदेशीर वाटा बागायत आणि ठेवींतून निघतो. म्हणून मृत्युपत्र एकट्या वडिलांनी करून भागत नाही, दोघांनीही करायला हवं. आणि आज करा, कारण एक जण गेल्यावर फक्त उरलेल्याच्या निम्म्याचीच मर्जी चालते.

मृत्युपत्रात ‘माझं घर धाकट्याला’ असं लिहिलंत तर अडचण येते. ते घर एकट्याचं नाही, समाईक आहे, आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय समाईकातली ठरावीक वस्तू अशी लिहून देता येत नाही. तशी दिलीच तर मुलाला वस्तूऐवजी तिच्या किमतीवर समाधान मानावं लागू शकतं. म्हणून जोडीदाराची संमती नोटरीसमोरच नोंदवून घ्या आणि मजकूर असा ठेवा : ‘माझ्या मर्जीचा संपूर्ण भाग धाकट्याला, आणि तो भरताना घर आधी धरावं.’ रुपयांचे आकडे घालू नका. आज ७० लाखांचं घर दहा वर्षांनी कितीचं होईल हे कोणी सांगावं?

मृत्युपत्र करायचं कुठे, यात सर्वांत जास्त चूक होते. बाजारात शिक्का मारून देणारे वकील-नोटरी वेगळे आणि मृत्युपत्र नोंदवणारे स्पेशल नोटरी वेगळे. स्पेशल नोटरी म्हणजे तुमच्या तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार. सार्वजनिक मृत्युपत्र त्यांच्या पुस्तकात लिहिलं जातं, दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं जातं आणि सगळ्यांच्या सह्या तिथेच होतात. मुलगा, सून किंवा ज्याला काही मिळणार आहे अशा माणसाला साक्षीदार करू नका. सत्तरी ओलांडली असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. मन शाबूत होतं की नाही हा वाद नंतर हमखास काढला जातो. पेटीत ठेवलेला, घरी लिहून सही केलेला कागद इथे मृत्युपत्र म्हणून धरून चालू नका.

पुष्कळ वाचक विचारतात, ‘जो मुलगा विचारत नाही त्याला राखीव वाट्यातूनही काढता येतं का?’ नुसत्या दुराव्यावर नाही. कायद्याने दिलेली कारणंच लागतात : पालकांविरुद्ध गंभीर गुन्हा, सबळ कारणाशिवाय पालनपोषण नाकारणं, अशी. ते कारण मृत्युपत्रात स्पष्ट लिहावं लागतं, आणि त्या मुलाने आव्हान दिलं तर ते सिद्धही करावं लागतं.

बहिणीच्या लग्नात बाबांनी चाळीस तोळे सोनं दिलं. आता ती वाटा मागते आणि जावईबापू म्हणतात, माझी सही लागेल. त्यांचा काय संबंध? — डिचोली

संबंध आहे. बहिणीला मिळणारा वारसा तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या समाईक मालमत्तेत जातो, म्हणून वाटणीच्या दस्तावर, विक्रीवर किंवा हक्क सोडताना दोघांचीही सही लागते. हाच नियम तुमच्या बायकोलाही लागू आहे, तुमच्या वाट्याच्या कागदावर तिचीही सही लागणार. हक्क सोडण्याच्या दस्तावर सून किंवा जावयाची सही राहून गेली म्हणून पुढे विक्री अडकल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. सहीच्या दिवशी सगळ्या जोड्या हजर हव्यात, नाहीतर त्यांचे कुलमुखत्यार.

मुलींना समान वाटा इथे १८७० पासून आहे. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत तो १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला. तेव्हा ‘मुलगी दिली, संपलं’ असं म्हणण्याला गोव्यात कधीच आधार नव्हता, आणि बहीण मागते ते तिचं आहे.

मात्र बाबांनी हयातीत मुलांना दिलेल्या भेटी वाटणीच्या वेळी हिशोबात मिळवाव्या लागतात. भेट देताना ‘ही वाट्यात धरू नये’ असं लेखी ठरलेलं असेल तर वेगळी गोष्ट. म्हणजे सोन्याची किंमत बहिणीच्या खाती धरता येईल, पण त्याच न्यायाने तुमच्या शिक्षणाव्यतिरिक्त दिलेला प्लॉट, दुकानाची पागडी किंवा गाडीही तुमच्या खाती येईल. सोन्याची पावती किंवा यादी नसेल तर तोंडी चाळीस तोळे कोर्टात टिकणं कठीण. एकमेकांचं कबूल करून समजुतीचा आकडा ठरवणं हेच बरं.

आमच्या भाटाच्या (माडा-पोफळीच्या बागायतीच्या) उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. आजोबा गेले, बाबा गेले. चुलत-आते धरून आम्ही सतरा जण. कोणी आफ्रिकेत, कोणी मुंबईत. सुरुवात कुठून करायची? — काणकोण

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर.

आधी उतारा नीट वाचा. फॉर्म एक-चौदावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, वरच्या भागात जमिनीचा प्रकार येतो : जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरोड, आणि खाली पोटखराब. मग कब्जेदारांची नावं, त्यापुढे खाते क्रमांक आणि म्युटेशन (फेरफार) क्रमांक. पणजोबांच्या नावापुढे म्युटेशन क्रमांक नसेल तर ते नाव मूळ सर्व्हेच्या वेळचं समजा. ‘कूळ’ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने मुळीच सोडू नका. कोणाचं घर मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून नोंदलेलं असेल किंवा कुळाचं नाव असेल तर वाटणी आणि किंमत दोन्ही बदलतात. कुळासाठी १९६४ चा आणि मुंडकारासाठी १९७५ चा कायदा आहे, आणि दोघांचेही हक्क तुमच्या घरातल्या वाटणीने पुसले जात नाहीत.

एक-चौदावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, आणि नाव नसणं म्हणजे हक्क गेला असंही नाही. खरा आधार जुने दस्त : पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणी, मात्रिझ (जुन्या जमीन-कराच्या नोंदवहीतला) क्रमांक, जुनी इन्व्हेंटरी (कोर्टातल्या वाटणीचे कागद). घरात नसतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घ्या. तिथे गेल्यावर आडनावाच्या स्पेलिंगने गोंधळ होतो. ‘प्रभू’ हे पोरोबो झालेलं असतं, ‘शेट’ हे आडनाव एक्स अक्षराने सुरू होतं. जन्मदाखल्यावर एक नाव, लग्नानंतर दुसरं, सर्व्हेत तिसरं. प्रत्येक माणसाची सगळी नावं एका कागदावर मांडा आणि एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ही यादी सुरुवातीला न केल्यामुळे फाईल दोन-दोनदा परत येते.

मग वंशवेल. पणजोबांपासून खाली प्रत्येकाचा मृत्यूदाखला, लग्नाचा दाखला, जन्मदाखले. कोण आधी गेलं ही तारीख महत्त्वाची, कारण त्या दिवशी कोण हयात होतं यावर वाटा ठरतो. आजोबा पणजोबांच्या आधी गेले असतील तर त्यांची मुलं त्यांच्या जागी येतात. नंतर गेले असतील तर वाटा आधी आजोबा-आजींच्या समाईकात येतो आणि मग खाली उतरतो. आजीला तिथे निम्मं मिळतं, आणि ते तिच्या मुलांत वाटलं जातं. ही पायरी पुष्कळ जण विसरतात आणि सगळे अपूर्णांक चुकतात.

कागद जमले की दोन वाटा आहेत. सगळ्यांचं एकमत असेल आणि वारसांत अज्ञान (अल्पवयीन) मूल नसेल तर स्पेशल नोटरीसमोर सक्सेशन डीड करायचं. कुटुंबाला ओळखणारे, पण ज्यांचा वाट्याशी संबंध नाही असे साक्षीदार लागतात. कोणी मृत्युपत्र केलं होतं का याचा शोध आधीच सब-रजिस्ट्रार कचेरीत घेऊन ठेवा. डीडमध्ये लिहिलेलं असतं : अमुक तारखेला अमुक व्यक्ती वारली, मागे निम्म्याची हक्कदार म्हणून विधवा आणि हे वारस, यांच्याखेरीज अधिक चांगला हक्क असलेलं दुसरं कोणी नाही. त्याची जाहीर सूचना निघते. पण या डीडने फक्त वारस कोण ते ठरतं. कोणाला कुठला तुकडा, ते नाही. त्यासाठी नोंदणीकृत वाटणीपत्र लागतं, आणि सर्व्हे नंबर वेगळा करून हवा असेल तर विभाजनाचा वेगळा अर्ज. शेवटी मामलेदार कचेरीत म्युटेशन. तिथून सगळ्यांना नोटीस जाते, कोणी हरकत घेतली तर सुनावणी होते.

एकमत नसेल, कोणाचा पत्ता लागत नसेल किंवा अज्ञान मूल असेल तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी. पतीपत्नी दोघांचीही इस्टेट एकाच इन्व्हेंटरीत घेता येते. कोर्ट कुटुंबप्रमुख नेमतं. तो शपथेवर वारसांची आणि मालमत्ता-कर्जांची यादी देतो, बाकीचे हरकती घेतात, मूल्यांकन होतं. मग वारसांची आपापसातली बोली, तिला इथे लिसितेशन म्हणतात. बाहेरच्या माणसाला या बोलीत जागा नाही.

तुमच्या आधीच्या पिढीपुरतं एक उदाहरण घ्या, कारण हा टप्पा न समजल्याने माणसं हरतात. चार भावंडं, घराचं मूल्य ४० लाख, दोन बागायती प्रत्येकी २० लाख. घरावर दोघांची बोली लागते आणि एक जण ५२ लाखांना घेतो. बागायती दोघं भाऊ मूळ किमतीला घेतात. एकूण झाले ९२ लाख, प्रत्येकाचा वाटा २३ लाख. घर घेणाऱ्याला २९ लाख भरावे लागतात : बागायत घेणाऱ्या दोघांना प्रत्येकी ३ लाख, आणि काहीच न घेतलेल्या बहिणीला २३ लाख. आता बघा, घरात राहणाऱ्या भावाकडे २९ लाख रोख नसतील तर भावनेच्या भरात केलेली बोली त्याच्या अंगावर येते. बोलीच्या तारखेआधी बँकेशी बोलून ठेवा आणि घरासाठी जास्तीत जास्त किती देणार हा आकडा घरीच ठरवून जा. दुसरीकडे, घर नको असलेल्यांनी मूल्यांकनाच्या वेळी गप्प बसू नये. कमी किमतीवर हरकत घेतली नाही आणि बोलीही लावली नाही तर नंतर कुरकुरून उपयोग नाही.

आणि हे सगळं आत्ता का? मृत माणसाच्या नावावर पडून राहिलेली, वारस परदेशी असलेली जमीन खोट्या कागदांनी विकली जाते. अशा प्रकरणांची संख्या इतकी झाली की २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. सतराजणांपैकी एकाने तरी दर सहा महिन्यांनी ऑनलाईन एक-चौदा काढून बघावा. नवं नाव दिसलं तर लगेच मामलेदाराकडे हरकत द्या.

मूलबाळ नाही. सासूबाई हयात आहेत, दोन दीर आहेत. यांना काही झालं तर सगळं माझंच ना? — मडगाव

नाही. निम्मं आधीपासूनच तुमचं आहे, त्याला कोणी हात लावू शकत नाही. पण त्यांच्या निम्म्यासाठी वारसांचा क्रम असा : आधी मुलं-नातवंडं, मग आई-वडील, मग भावंडं आणि भाचरं-पुतणी, आणि त्यानंतर पत्नी. मृत्युपत्र नसेल तर त्यांचं निम्मं सासूबाईंकडे जाईल, आणि सासूबाईंनंतर दीरांकडे. म्हणजे ज्या घरात तुम्ही राहता त्याचे तुम्ही आणि दीर निम्मे-निम्मे मालक होऊन बसाल.

मृत्युपत्राने चित्र बदलतं. सासूबाई असताना त्यांचा राखीव वाटा पतीच्या निम्म्याचा अर्धा, म्हणजे एकूण मालमत्तेचा चौथा भाग. बाकीचा चौथा भाग पती तुम्हाला देऊ शकतात. तुमचं झालं पाऊण. सासूबाई आधी गेल्या तर भावंडांना राखीव वाटाच नाही. अशा वेळी ‘माझं सगळं पत्नीला’ या एका ओळीने पूर्ण घर तुमचं राहतं. तेव्हा मृत्युपत्राचा मजकूर दोन्ही शक्यता धरून करा.

तुमचंही मृत्युपत्र त्याच दिवशी करा. नाहीतर तुम्ही आधी गेलात तर तुमचं निम्मं तुमच्या माहेरी जाईल आणि पतीला मेव्हण्यांशी वाटणी करत बसावं लागेल. मूल नसलेल्या जोडप्यांनी हे पुढे ढकलू नये, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो. गोव्यात मृत्युपत्राची खरी निकड यांनाच आहे.

भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये आहे. तो म्हणतो, माझा वाटा तुलाच. साध्या कागदावर लिहून पाठवतो. चालेल? — सांखळी

साधा कागद चालणार नाही. आणि ‘हक्क सोडणं’ आणि ‘तुला देणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वारसाहक्क सोडायचा तर तो पूर्ण सोडावा लागतो, अटीवाचून, आणि कोणा एकाच्या नावे नाही. त्याचा वाटा मग उरलेल्या सगळ्या वारसांत जातो. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर फरक पडत नाही. तिसरी बहीण असेल तर निम्मा तिच्याकडे जाईल. फक्त तुम्हालाच द्यायचा असेल तर वारसाहक्काचं बक्षीसपत्र किंवा विक्रीपत्र करावं लागेल, त्यावर मुद्रांक शुल्क पडेल. परक्याला विकायचं झालं तर आधी सहवारसांना विचारावं लागतं, तेही लक्षात ठेवा. त्याने आधीच या इस्टेटीतलं भाडं घेतलं असेल किंवा काही विकलं असेल तर वारसा स्वीकारल्यासारखं होतं, मग हक्क सोडता येत नाही.

कुलमुखत्यारपत्र त्याचं आणि त्याच्या पत्नीचंही हवं. त्यात ‘वारसाहक्क सोडण्याचा अधिकार’ किंवा ‘बक्षीस देण्याचा अधिकार’ हे शब्द स्पष्ट असावेत. ‘माझी सर्व कामं बघण्यासाठी’ या मोघम वाक्यावर सब-रजिस्ट्रार दस्त घेत नाहीत. तिथल्या नोटरीसमोर सही, त्यावर अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) किंवा भारतीय वकिलातीचं साक्षांकन, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. ही मुदत चुकवू नका.

पासपोर्ट बदलल्याने वारसा बुडत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, भेट म्हणूनही घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. म्हणून हयातीत शेत ‘त्याच्या नावावर करून टाकू’ असा विचार असेल तर थांबा. वाटा विकून पैसे बाहेर न्यायचे असतील तर त्याच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी माणसाचं इथलं रुपयातलं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, कर भरल्याचे कागद दाखवून.

बँकेत नॉमिनी मुलगी आहे. मग तिचेच पैसे ना? — पेडणे

नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. कंपनीच्या शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते रक्कम स्वतःसाठी घेऊ शकतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी देता येते. ती टक्केवारी मृत्युपत्राशी जुळेल अशी भरा. मुलीला नॉमिनी ठेवून मृत्युपत्रात मुलाला दिलंत तर भांडण तुम्हीच लावून गेलात असं होतं.

घर आताच मुलाच्या नावावर केलं तर कटकट संपेल. पण मनात धाकधूक आहे. — कुडचडे

धाकधूक योग्य आहे. हयातीत द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, तुम्हा दोघांपैकी शेवटचा माणूस हयात असेपर्यंत घराचा उपभोग तुमचा. राहणं, भाडं, झाडांचं उत्पन्न सगळं तुमच्याकडे, मुलाकडे फक्त मालकी. पंचायतीची घरपट्टी आणि विजेचा मीटर तुमच्याच नावावर राहू द्या. दुसरी, मुलाने तुमचा सांभाळ करायचा ही अट शब्दांत लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ खाली असा दस्त रद्द करून घेता येतो, पण अट दस्तात नसेल तर ती सिद्ध करण्याची ओढाताण तुमच्या वाट्याला येते. ‘तो आपलाच मुलगा, कशाला लिहायचं’ म्हणून पुष्कळ जण ही ओळ टाळतात. लिहिलेल्या ओळीने मुलाचा अपमान होत नाही.

दस्तावर पत्नीची सही हवीच. शिवाय ही भेट पुढे हिशोबात धरली जाईल, आणि ती मर्जीच्या अर्ध्याहून जास्त भरली तर बाकीची मुलं ती कमी करून मागू शकतात. म्हणजे इतर मुलांना टाळण्यासाठी बक्षीसपत्र केलंत तर हेतू साधत नाही.

माझा पुण्यात फ्लॅट आहे. तो तरी या नियमांतून सुटतो का? — वाळपई

नाही. मूळ रहिवास गोव्याचा असेल तर राज्याबाहेरच्या भारतातल्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवलं. त्या खटल्यात मालमत्ता मुंबईची होती. तेव्हा फ्लॅटमध्येही पत्नीचं निम्मं आणि मुलांचा राखीव भाग धरा. भाड्याचं उत्पन्नही समाईक असल्याने आयकर कायद्याप्रमाणे ते दोघांच्या विवरणपत्रांत निम्मं-निम्मं दाखवायचं असतं. पगार तेवढा ज्याचा त्याचा.

तिथल्या सोसायटीला आणि बँकेला सक्सेशन डीड म्हणजे काय ते बहुधा माहीत नसतं, ते प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) मागतात. डीडची प्रमाणित प्रत, जाहीर सूचनेचं कात्रण, इंग्रजी मजकूर आणि या निकालाची प्रत एकत्र जोडून अर्ज द्या. नकार मिळाला तर तो लेखी मागून घ्या, पुढे कोर्टात जाताना तो कागद लागतो.